स्थानिक एआय मॉडेलसह सहकथन व रोलप्ले

स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या भाषा-मॉडेलशी पाळीपाळीने मजकूर लिहून गोष्ट पुढे नेण्याचा छंद. लिहिणारा एक पात्र घेतो, मॉडेल दुसरे पात्र किंवा निवेदकाचे काम करते. पुढच्या वळणाची खात्री दोघांनाही नसते. ‘स्थानिक’ याचा अर्थ येथे भौगोलिक नाही. मॉडेलची फाइल वापरणाऱ्याच्या यंत्रावर असते आणि लिहिलेले काही कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरकडे जात नाही, एवढाच तो आहे. मराठीत वापरणारे ‘रोलप्ले’ किंवा नुसते ‘आरपी’ म्हणतात; ‘सहकथन’ हा शब्द या नोंदीपुरता सोयीचा.

उगम : या छंदाची वंशावळ दोन प्रकारे सांगता येते. एक धागा टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. पाठोपाठ विल क्राउदरचा गुहेत हिंडण्याचा मजकुरी खेळ (डॉन वुड्सने तो १९७७ मध्ये वाढवला) आणि १९७८ पासून एसेक्स विद्यापीठातला रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांचा अनेकांनी मिळून खेळायचा ‘मड’. दुसरा धागा संभाषणाचा : एमआयटीतील जोसेफ वायझेनबॉम यांचा १९६६ चा ‘एलायझा’ हा कार्यक्रम आणि पुढे इंटरनेटवर दोघांतिघांनी आळीपाळीने परिच्छेद लिहून चालवलेल्या कथा. ‘कोबोल्डएआय’, ‘टॅव्हर्नएआय’ ही साधनांची नावे पहिल्या धाग्याच्या बाजूने साक्ष देतात. ‘कोबोल्ड’ हा जर्मन लोककथेतला घरभूत, भूमिका-खेळांत तो किरकोळ शत्रू म्हणून भेटतो. ‘टॅव्हर्न’ म्हणजे साहसवीर जिथे जमतात ती खानावळ. तरीही नावांवरून कूळ ठरवणे धोक्याचे. प्रत्यक्षात फासे, गुण वा नियमपुस्तक सहसा नसते. दोन पात्रे बोलत राहतात. वागणुकीवरून हा छंद दुसऱ्या धाग्याला अधिक जवळचा दिसतो.

आरंभाचे वर्षही निर्विवाद नाही. सर्वसाधारणपणे डिसेंबर २०१९ सांगितला जातो. ब्रिगम यंग विद्यापीठातील निक वॉल्टन यांनी ओपनएआयच्या जीपीटी-२ या दीडशे कोटी पॅरामीटरच्या (म्हणजे शिकताना ठरणाऱ्या अंतर्गत आकड्यांच्या) मॉडेलला वाचकाने निवडायच्या कथांवर शिकवून ‘एआय डंजन २’ तेव्हा प्रसिद्ध केले. मॉडेलची फाइल उतरवून घेणाऱ्यांच्या गर्दीमुळे खर्च इतका वाढला की ती टॉरेंटने वाटावी लागली. मात्र बहुतेकांनी हा खेळ गूगलच्या यंत्रांवर किंवा पुढे कंपनीच्या संकेतस्थळावर खेळला. दुसरे मत २०२३ चे. मेटाने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘लामा’ हे मॉडेल अर्ज करणाऱ्या संशोधकांपुरते दिले, आठवड्याभरात त्याच्या फाइली सर्वत्र फिरू लागल्या आणि मार्चमध्ये जॉर्जी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रॅमरने ‘लामा डॉट सीपीपी’ लिहून ते साध्या प्रोसेसरवर चालवून दाखवले.

प्रस्तुत नोंदीत २०२१ हे वर्ष अधिक ग्राह्य मानले आहे. त्या एप्रिलमध्ये ‘एआय डंजन’च्या कंपनीने अल्पवयीनांविषयीचा लैंगिक मजकूर रोखण्यासाठी गाळणी बसवली. हेतूबद्दल फारसा वाद नव्हता. पण ती निरुपद्रवी वाक्यांवरही अडखळू लागली, आणि खूण पडलेल्या खासगी कथा कर्मचारी वाचू शकतात हेही उघड झाले. जूनमध्ये एल्युथरएआय या गटाने जीपीटी-जे हे सहाशे कोटी पॅरामीटरचे मॉडेल खुले केले आणि साधारण त्याच सुमारास ‘कोबोल्डएआय’ हा घरी चालवायचा कार्यक्रम आकाराला आला. यंत्र घरी असावे ही मागणी तांत्रिक सोयीतून नव्हे, तर आपली वही दुसऱ्याने वाचली या भावनेतून आली, हे लक्षात घेतले तर २०१९ फार लवकरचे आणि २०२३ फार उशिराचे ठरते.

यंत्र आणि आकडे : तेराशे कोटी पॅरामीटरचे मॉडेल १६ बिटांत ठेवले तर सुमारे २६ जीबी जागा घेते; बहुतेक घरगुती ग्राफिक्स कार्डांत ते मावत नाही. क्वांटायझेशनने प्रत्येक आकडा सुमारे ४ बिटांत दामटला की तेच ७-८ जीबीत बसते. गुणवत्ता थोडी घसरते. ऑगस्ट २०२३ पासून अशा मॉडेलांसाठी ‘जीजीयूएफ’ हा फाइल-प्रकार रूढ झाला. ‘कोबोल्डसीपीपी’ हा कार्यक्रम अशा फाइली चालवतो आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘टॅव्हर्नएआय’पासून फुटून निघालेले ‘सिलीटॅव्हर्न’ लिहिण्या-वाचण्यासाठी समोरचा पडदा पुरवते.

पात्राचा सगळा तपशील ‘कॅरेक्टर कार्ड’मध्ये असतो. दिसायला ते साधे चित्र. पण त्या पीएनजी फाइलच्या पोटात नाव, स्वभाव, प्रसंग, पहिला संवाद आणि बोलण्याचे नमुने दडवलेले असतात. तेच चित्र जेपीजी करून पाठवले की पात्र नाहीसे होते, चेहरा तेवढा उरतो. पहिल्या संवादाला फार महत्त्व, कारण मॉडेल पुढे त्याचीच लांबी आणि लकब उचलते. कृती तारकांच्या चिन्हांत व बोलणे अवतरणांत लिहिण्याची पद्धत आहे. उत्तर पटले नाही तर दुसरे मागवता येते किंवा मॉडेलचे वाक्य गुपचूप बदलता येते. मॉडेल ते आपलेच समजून पुढे जाते. मॉडेलने वापरणाऱ्याच्या पात्राच्या तोंडी परस्पर वाक्ये घालणे हा मात्र दोष मानतात.

मोठी अडचण स्मरणाची. ‘लामा’ला एका वेळी २,०४८ टोकनांची (शब्द वा शब्दाच्या तुकड्यांची) चौकट दिसे, ‘लामा २’ला ४,०९६, म्हणजे इंग्रजीतले सुमारे तीन हजार शब्द. धर्मशाळेचा रखवालदार लंगडा आहे असे सुरुवातीला सांगितले आणि तो मजकूर चौकटीबाहेर सरकला, की रखवालदार जिना धावत चढतो. यावर तोडगा म्हणून ‘लोअरबुक’ वापरतात : ‘भुयार’ हा शब्द संवादात आला की भुयाराची टिपणी तेवढ्यापुरती मॉडेलपुढे ठेवली जाते. जून २०२३ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका हौशी अभ्यासकाने प्रत्येक टोकनाचे स्थान सांगणारे आकडे दाटीने बसवून ही चौकट दोन हजारांवरून आठ हजार टोकनांपर्यंत ताणली, तीही मुख्यतः रोलप्लेसाठीच्या मॉडेलात. त्याच सुमारास मेटाच्या संशोधकांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली व निबंधात त्याच्या कामाची नोंद घेतली. पुढचा शब्द निवडण्याची तंत्रे उलट दिशेने, संशोधनातून छंदाकडे, आली : ‘टॉप-के’ २०१८ मध्ये कथानिर्मितीच्याच संशोधनात वापरले गेले, ‘टॉप-पी’ २०१९ मधले, ‘मिन-पी’ मात्र हौशी मंडळींचे.

अनेक मॉडेलांची मिसळ करून केलेली ‘मायथोमॅक्स’सारखी मॉडेले २०२३ मध्ये लोकप्रिय झाली. त्यांच्या गद्याचा एक ठसा आहे, वापरणारे त्याला वैतागून ‘स्लॉप’ म्हणतात : पाठीच्या कण्यातून शिरशिरी, कुजबुजीच्या जेमतेम वरचा आवाज, आणि जादूगारीण भेटली की तिचे नाव हमखास एलारा. प्रौढ मजकुराचे प्रमाण मोठे आहे, हेही नोंदवायला हवे.

मराठीत : जुन्या ‘लामा’ मॉडेलांचा शब्दसंग्रह ३२,००० टोकनांचा होता, त्यात देवनागरी शब्दाचे जवळजवळ अक्षरागणिक तुकडे पडत, त्यामुळे वरची चौकट मराठीत आणखी आखूड होई. ‘लामा ३’ (एप्रिल २०२४) मध्ये हा संग्रह सुमारे १,२८,००० झाला, गूगलच्या ‘जेमा’त सुमारे २,५६,०००.

भाषेची अडचण याहून खोल आहे. इंग्रजी निवेदन वापरणाऱ्याला वर्तमानकाळात, द्वितीय पुरुषात संबोधते आणि त्याचे लिंग कधीच उघड करत नाही. मराठीत ‘तू दार उघडतोस’ की ‘उघडतेस’ हे पहिल्याच क्रियापदाला ठरवावे लागते. ‘तुम्ही दार उघडता’ म्हटले की लिंग टळते, पण गोष्ट मिक्सरच्या माहितीपुस्तकासारखी वाटू लागते. भूतकाळ घ्यावा तर ‘तू दार उघडलंस’पर्यंत निभावते, कारण तिथे क्रियापद दाराशी जुळते. पुढच्याच पावलाला ‘आत गेलास’ की ‘गेलीस’ हा प्रश्न उभाच. म्हणून मराठी कार्डात वापरणाऱ्याच्या पात्राचे लिंग स्पष्ट लिहिणे, आणि पहिल्या संवादात त्या लिंगाची दोन-तीन क्रियापदे मुद्दाम पेरणे इष्ट.