एमिली डिकिन्सनने कविता लपवल्या नव्हत्या

'अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने आयुष्यभर कविता कुणालाच दाखवल्या नाहीत, त्या ती गेल्यावर पेटीत सापडल्या,' असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. १८८६ मध्ये ती गेल्यावर बहीण लॅव्हिनियाला कवितांचा मोठा साठा मिळाला, आणि तो केवढा आहे याची घरातही कल्पना नव्हती, हे खरं. पण शेकडो कविता तिने हयातीतच पत्रांतून पाठवल्या होत्या. शेजारीच राहणाऱ्या सुसान या भावजयीला तर अडीचशेच्या आसपास. १८६२ मध्ये तिने आपणहून थॉमस हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवून मत विचारलं. लपवणारी बाई असं करेल?

आणि तो साठा म्हणजे नुसता चिठ्ठ्याचपाट्यांचा ढीग नव्हता. घडीचे कागद एकावर एक ठेवून, कडेला भोकं पाडून, दोरा ओवून तिने स्वतः चाळीस वह्या बांधल्या होत्या. एखाद्या शब्दाशी बारीक अधिकचिन्ह, आणि कवितेखाली त्याचे पर्यायी शब्द! त्या पानांची छायाचित्रं पाहताना मला दर वेळी भरून येतं. वह्यांचा बहुतांश भाग आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे, उरलेला ॲमहर्स्ट कॉलेजात. पाकिटांच्या तुकड्यांवरच्या ओळीही तिथेच जपल्या आहेत.