स्पीड भरपूर, मग गाणं काऊन अडकून राहिलं?

वायफाय स्पीकरवर गाणं अडकायला लागलं की लोक पहिले स्पीड टेस्ट लावतात, ती 100 एमबीपीएस दाखवते, मग नेटवाल्याला फोन, मग मोठा प्लॅन, आणि गाणं तरीही अडकतंच. कारण गाण्याला स्पीड लागतेच किती? सीडीच्या क्वालिटीचं गाणं म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला 14 लाख बिट, म्हणजे 1.4 एमबीपीएस. फ्लॅकमध्ये (क्वालिटी न घालवता फाइल लहान करायची पद्धत) दाबलं की त्याहून बरंच कमी, आणि चांगल्यातली एमपी3 तर 0.32 मध्ये भागते. 100 च्या लाईनवर हे काहीच नाही.

मग अडकतं कशाने? डेटा वेळेवर न पोचल्याने. स्पीकरच्या आत बफर, म्हणजे पुढच्या आवाजाचा थोडा साठा असतो, तो गच्चीवरच्या टाकीसारखा, नळाचं पाणी कमी-जास्त आलं तरी टाकीत असेपर्यंत घरात फरक पडत नाही. पण काही स्पीकरमधला बफर जेमतेम एक-दोन सेकंदांचाच असतो, तेवढा वेळ हवेतून डेटा आला नाही की आवाज तुटला. स्पीड टेस्ट सरासरी सांगते, मधला दोन सेकंदांचा खड्डा त्यात बुजून जातो, आणि ती टेस्ट तुम्ही बहुतेक मोबाईलवर राउटरशेजारी बसून केलेली असते, स्पीकरपाशी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी बिघाड घरात आहे का बाहेर ते ठरवा. लॅपटॉप उचलून स्पीकरपाशी न्या, कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (निरोप धाडून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) आणि पुढे राउटरचा पत्ता टाका (बहुतेक 192.168.1.1 किंवा तसाच), विंडोजवर शेवटी हायफन टी (-t) लावलं की थांबवेपर्यंत चालू राहतं. हे पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इथे गडबड दिसली तर नेटवाल्याचा संबंध नाही. आकडे 2, 3, 5 मिलिसेकंद असे येत राहिले तर हवा साफ आहे. मधेच 280, 400, एखादं रिक्वेस्ट टाइम्ड आउट, पुन्हा 4 असं आलं तर चोर घरातच आहे.

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात ओळखीच्या एका काकांकडे अगदी हेच दिसलं. "बापू, नेट तं फुल आहे ना, मंग काऊन अडकते?" राउटर हॉलमध्ये टीव्हीखाली, स्पीकर आतल्या खोलीत, आणि दोघांच्या बरोबर मधे पत्र्याचा मोठा कूलर, टाकी भरलेली, ताट्या ओल्या. हिवाळ्यात तो कूलर माळ्यावर होता म्हणून तेव्हा तक्रार नव्हती. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, एवढा मोठा पत्रा तिला परतवून लावतो आणि पाणी ती शोषून घेतं. 5 गिगाहर्ट्झचं तर भिंतीतूनच कमी जातं, त्यामुळे आतल्या खोलीत त्याचा भरवसा नव्हता. राउटर उचलून कूलरच्या वरच्या उंचीला फळीवर ठेवला आणि तिथल्या तिथे पिंगचे आकडे एका अंकात आले. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर तर हलणार नाही, राउटरच हलवावा लागतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचे राउटरही बघा. 2.4 मध्ये आपल्याकडे 13 चॅनल (राउटर ज्यावर बोलतो त्या लहरींच्या पट्ट्या) दिसतात पण ते एकमेकांपासून फक्त 5 मेगाहर्ट्झवर आहेत आणि वायफायला 20 ची रुंदी लागते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे म्हणून सहसा 1, 6 आणि 11 हेच धरतात. काही जण गर्दी टाळायला 3 किंवा 4 निवडतात, ते मला साफ चुकीचं वाटतं, कारण एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, पण अर्धवट चढलेल्या चॅनलवरचा आवाज त्यांना नुसता गोंगाट वाटतो आणि पॅकेट खराब होतात.

स्पीकर ॲपमध्ये दिसतच नसेल तर प्रकरण वेगळं. मोबाईल "कोणी आहे का?" असा निरोप एकट्याला नाही, सगळ्यांना मिळून धाडतो, त्याला मल्टिकास्ट म्हणतात. साध्या पॅकेटची पोच मिळाली नाही की वायफाय ते परत पाठवतं, राउटरने हवेत सोडलेल्या मल्टिकास्टला मात्र पोचच नसते, हरवलं तर हरवलं. आणि हा निरोप एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाही. नेटवाल्याने दिलेला डबा एक, वर आपण घेतलेला राउटर दुसरा, दोघंही पत्ते वाटून राहिले, असं बऱ्याच घरांत असतं. मोबाईल आणि स्पीकर दोन्हींचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बघा, घरात सहसा पहिले तीन आकडे सारखे पाहिजेत. एक 192.168.1 आणि दुसरा 192.168.0 निघाला तर आपला राउटर ॲक्सेस पॉईंट मोडवर टाका, पत्ते एकालाच वाटू द्या. गेस्ट वायफायवर जोडलेला स्पीकरही असाच सापडत नाही, तिथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

गाणी घरच्याच कॉम्प्युटरवर साठवली असतील तर आणखी एक गोष्ट. कॉम्प्युटरही वायफायवर, स्पीकरही वायफायवर, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, आधी राउटरकडे, मग स्पीकरकडे, आणि दोन्ही वेळा तोच चॅनल अडवतं. मधे साधा एक्स्टेंडर (वायफाय पुढे पोचवणारा डबा) असला तर फेरी अजून वाढते. निदान कॉम्प्युटर तरी केबलने राउटरला जोडा, कॅट 5ई पुरे, 100 मीटरपर्यंत चालते आणि वायरमन पट्टीतून भिंतीकडेने नेऊन देतो. तेवढ्याने हवेतलं निम्मं काम कमी होतं.