कोल्हापूरचा कॅथलिक धर्मग्राम : गोवा, मुंबई, पुणे आणि सावंतवाडी

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा १८५२ पासून होते. त्या वर्षी रॉयल गुल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांनी शाळा काढल्या, आणि १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंट) मंडळाने हाती घेतले. वायल्डर मेमोरियल चर्च, आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, पन्हाळा-कोडोलीची कामे, मिरजेचे वॉन्लेस हॉस्पिटल ही सगळी त्याच परंपरेतली. ब्रह्मपुरीचे ऑल सेंट्स चर्च अँग्लिकन मिशनचे. कोल्हापूरकराला ‘मिशन’ म्हटल्यावर हेच आठवते, आणि त्यात गैर काही नाही. हे काम मोठे होते आणि डोळ्यांसमोर होते.

कॅथलिकांची कथा मात्र या कथेतले एक पोटप्रकरण म्हणून सांगता येत नाही. ती वेगळ्या वाटेने आली, आणि तिची मुळे दोनशे वर्षे आधीची आहेत.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर आश्रयदात्याचे अधिकार दिले होते. यालाच पाद्रोआदो म्हणतात. बिशप कोण, धर्मगुरू कोण, कुठे कोणाची नेमणूक, यात राजाचा शब्द चाले, आणि त्याचे केंद्र गोव्यात होते. पण पोर्तुगीज सत्ता किनाऱ्यापुरती, घाटावर आदिलशाही. तिथल्या ख्रिस्ती माणसांचे काय, हा प्रश्न रोमपुढे होता. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते उभारले आणि राजाला वळसा घालून थेट आपले बिशप पाठवायला सुरुवात केली. अशा बिशपला अपोस्टोलिक व्हिकर म्हणत.

आपल्या भागासाठी नेमलेले पहिले व्हिकर होते मातेउश द काश्त्रू. गोव्याच्या दिवाडी बेटावरचा हा ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा. गोव्यात धर्मगुरुपदाची वाट बंद झाल्यावर तो रोमला गेला, तिथे शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. त्याच्याकडे सोपवलेला प्रदेश होता ‘इदलकाँ’, म्हणजे आदिलखानाचा, विजापूरचा मुलूख. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याचा अधिकार मानला नाही, म्हणून त्याने तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत मुक्काम ठोकला. पन्हाळा आणि कोल्हापूर त्या काळी आदिलशाहीतच होते. शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला तो १६५९ मध्ये. म्हणजे कोल्हापुरात एकही चर्च नव्हते तेव्हाही रोमच्या कागदावर ही भूमी एका दिवाडकराच्या हाती होती. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वायल्डर यांच्या दोनशे वर्षे आधी इथला धर्माधिकार एका कोकणी माणसाकडे आला होता, आणि तो त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांशी भांडून टिकवला होता.

हाच व्हिकारिएट, म्हणजे व्हिकरच्या अधिकारातला प्रदेश, पुढे ‘ग्रेट मोगल’ आणि मग मुंबईचा म्हणून ओळखला गेला. मुंबईत १७२० पासून रोमच्या बाजूचे, कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू होते. गोव्याचे आणि रोमचे, असे दोन पक्ष एकाच गावात एकमेकांविरुद्ध उभे राहत. एका चर्चच्या किल्ल्या कोणाकडे यावरून वर्षानुवर्षे वाद चालत. १८३८ मध्ये पोपने पाद्रोआदोचे अधिकार आखडते घेतले, तेव्हा भांडण मिटण्याऐवजी पेटले. १८५४ मध्ये मुंबईचा व्हिकारिएट विभागून पुण्याचा वेगळा केला गेला आणि तो जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाकडे आला. पुढची साठ वर्षे दख्खनमधले हे जेझुइट मुख्यतः जर्मन होते.

निर्णायक वर्ष १८८६. जूनमध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, आणि १ सप्टेंबरला भारतात रीतसर धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अधिकारातले प्रदेश, स्थापन झाले. पुण्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बर्नहार्ड बायडरलिंडन हे पहिले बिशप. घाटाखालची सावंतवाडी मात्र गोव्याच्या आर्चबिशपांकडे राहिली. ही वाटणी कागदावर सोपी आणि माणसांसाठी अवघड होती. आंबोली घाटातून वर आलेल्या कुटुंबाचे नातेवाईक गोव्याच्या अधिकाराखाली, आणि ते स्वतः पुण्याच्या. लग्न ठरले की दोन्हीकडचे दाखले जुळवावे लागत.

कोल्हापुरातला कॅथलिक समाज अशा वर आलेल्या माणसांचाच होता. पुण्याच्या जेझुइटांनी खेड्यांतून धर्मप्रसाराचे मोठे काम केले ते अहमदनगर जिल्ह्यात; केंदळचे मिशन-ठाणे १८७८ च्या सुमाराचे. तिथे गावेच्या गावे मिशनशी जोडली गेली. कोल्हापूरकडे तसे घडले नाही. इथे माणूस आधी आला, नोकरीसाठी, धंद्यासाठी. धर्मगुरू त्याच्या मागून. दक्षिणेला आजऱ्यासारख्या गावांत कोकणी बोलणारी ख्रिस्ती घरे होती, तीही घाट चढूनच आलेली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि हे शहर पुण्याशी, तसेच मिरज-बेळगाव-लोंढ्यावरून गोव्याशी, रुळांनी जोडले गेले. माणसे येण्याची वाट रुंदावली आणि धर्मगुरूंचीही.

निवासी धर्मगुरू नसलेल्या ठाण्याचा दिनक्रम कसा असे, ते त्या काळच्या नियमांवरूनच उलगडते. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, सकाळीच व्हायची, कारण कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य होते. म्हणून फिरतीवरचे फादर आदल्या संध्याकाळी पोचत, रात्री कन्फेशन (पापांची कबुली) ऐकत आणि भल्या पहाटे मिस्सा करत. कोणाच्या घरच्या टेबलावर मिस्सा करायची तर संतांचे अवशेष बसवलेला लहानसा वेदीचा दगड सोबत न्यावा लागे. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी करूनच ते परत फिरत. १९०८ पासून आणखी एक नियम लागू झाला : माणसाचे लग्न कुठेही झाले तरी त्याची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या वहीत, समासात करायची. त्यामुळे जुनी वही उघडली की एका ओळीत जन्म आणि बाजूला बारीक अक्षरात कुठल्या तरी दूरच्या गावचे लग्न असे सापडते. लहान धर्मग्रामाचा (पॅरिशचा) खरा इतिहास या समासांत आहे. इमारतीच्या कोनशिलेवर तो मावत नाही.

पहिल्या महायुद्धाने या फिरतीला मोठा फटका दिला. जर्मन जेझुइट शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना अहमदनगरच्या छावणीत अडकवले गेले आणि पुढे मायदेशी पाठवले गेले. पुण्याचे तेव्हाचे बिशप डोरिंग यांनाही पुण्यापासून दूर राहावे लागले. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमाला झाली आणि ते पुण्याला परतले ते १९२७ मध्ये. जागा भरून काढायला स्वित्झर्लंडचे जेझुइट आले. पुण्यातच माणसे कमी पडल्यावर टोकाच्या ठाण्यांची ओढाताण झाली नसती तरच नवल.

त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराज जातवार वसतिगृहे उभारत होते, आणि त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह होते. पंथ कोणताही असो, ख्रिस्ती मूल शिकायला शहरात राहू शकते, हे संस्थानाने मान्य केले होते. संस्थानी मुलखात याचे महत्त्व फार होते, कारण इथे जमीन असो वा परवाना, शेवटचा शब्द दरबारचा.

१९४९ मध्ये दोन बदल एकाच वर्षात झाले. १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि पुण्याला अँड्र्यू डिसोझा यांच्या रूपाने पहिले भारतीय बिशप मिळाले. जेझुइटांची सेंट झेवियर्स आणि सिस्टरांची होली क्रॉस या शाळांमुळे कॅथलिक चर्च शहरातल्या घराघरांत माहीत झाले. साठच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा मागे पडली. तोवर कोकणी, तमिळ, मराठी बोलणारे सगळे एकाच परक्या भाषेत एकत्र बसत. आता कोणत्या भाषेत प्रार्थना करायची हे ठरवणे भाग पडले, आणि मराठीला वेदीवर हक्काची जागा मिळाली.

५ जुलै २००५ रोजी सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे जिल्हे पुण्यापासून वेगळे करून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. पीठ (बिशपांचे मुख्य स्थान) सावंतवाडीला, पहिले बिशप आल्विन बरेटो. ज्या घाटरेषेने कोल्हापूर आणि सावंतवाडीचे कॅथलिक एकेकाळी दोन अधिकारांत विभागले होते, तिच्या दोन्ही बाजू आता एकाच वेगळ्या धर्मप्रांतात आहेत. आज कोल्हापुरातले एखादे कुटुंब आपल्या पणजोबांचा शोध घेऊ लागले, तर त्याने आधी मूळ गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही पाहावी, मग पुणे धर्मप्रांताचे दप्तर, आणि अलीकडच्या नोंदींसाठी सावंतवाडी.