काल काय वाचलंत?

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, भारतीय जगात सगळ्यात जास्त वाचतात, आठवड्याला 10.7 तास, खाली तिरंगे. आकडा कुणी मनाने बनवलेला नाही, पण आहे 2005 सालचा, लोकांनी स्वतःच सांगितलेल्या तासांवरून काढलेला, आणि प्रश्न नुसत्या वाचनाचा होता, पुस्तकांचा नव्हे. छाती फुगवायच्या आधी एवढं तरी बघा ना!

'तुम्ही वाचता का' असं विचारलं की आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातलं कुठलंही मराठी घर हो म्हणणार. ज्या गावात सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून लायब्ररीचं काम उभं केलं, पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं फिरवली, तिथे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून लोकांचा वेळ कशात जातो ते मोजणाऱ्या सरकारच्या 2019 च्या टाइम यूज सर्व्हेत सवय विचारली नाही, काल पहाटे 4 ते आज पहाटे 4 काय केलं ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारलं. दिवसाच्या अशा नोंदीला डायरी म्हणतात. मी मावशीला तसंच विचारलं. ती म्हणते रोज वाचते. साडेपाचला पाणी भरलं, दुपारी सिरीयल, रात्री साडेनऊला पुस्तक उघडलं आणि दोन पानांत डोळा लागला. परवा? परवा नाही.

अमेरिकेतही हेच दिसतं. 2021 साली वर्षभरात एकही पुस्तक वाचलं नाही असं सांगणारे 23 टक्केच होते, पण तिथल्या डायऱ्यांत एखाद्या दिवशी आवडीने काहीही वाचणारे 2004 साली 28 टक्के, 2023 साली फक्त 16. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे: एक वर्षभराचा, दुसरा एका दिवसाचा.

आता खरी गंमत. एका गावात 100 माणसं, प्रत्येक जण आठवड्यातून एकच दिवस वाचतो, ज्याचा त्याचा वार वेगळा. दुसऱ्या गावात 14 जण रोज वाचतात, बाकी 86 कधीच नाही. कालची डायरी घेतली तर दोन्हीकडे साधारण 14 वाचणारे दिसणार, म्हणजे गावं ओळखूच येत नाहीत! पण त्याच माणसांची पुढे कधीतरी, प्रत्येकाची चिठ्ठी काढून निघेल त्या वारी, दुसरी डायरी घेतली तर दोन्ही दिवस वाचणारे पहिल्या गावात साधारण 2 (सातातला एक, त्याचा परत सातातला एक), आणि दुसऱ्यात पुरे 14. नियमित वाचणारे किती ते एका डायरीतून कळत नाही, दुसरी लागतेच.

मावशीला पुढच्या महिन्यात परत विचारणारे, वार मात्र आधी सांगणार नाही, नाहीतर ती मुद्दाम पुस्तक घेऊन बसेल.