वाशिष्ठी एकटी चढत नाही

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या एसटी आगारात गाड्या टपापर्यंत बुडाल्या आणि आगारप्रमुख सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत तासन्‌तास एका टपावर बसून राहिले. ही बातमी आपण त्यांच्या धैर्यासाठी लक्षात ठेवली, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक मोजमापही आहे. एसटीची उंची साधारण तीन मीटर, म्हणजे आगारात पाणी तेवढं होतं.

गावाला पुराचा धोका किती, हे शोधायची सुरुवात अशाच खुणांपासून होते. भिंतीवरची चिखलाची रेघ, देवळाच्या पायऱ्या, दुकानाच्या शटरवरचा डाग. ‘आमच्याकडे कमरेएवढं आलं होतं’ हे घराच्या जोत्याप्रमाणे बदलतं. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र बदलत नाही. म्हणून भिंतीला नवा रंग लागण्याआधी त्या रेघा लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं उपकरण, लावून मोजून घ्यायला हव्यात. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांच्या रेघा अशा मोजल्या, की कुठल्या आळीत पाणी कुठून शिरलं हे दिसू लागतं.

कारण चिपळुणात पाणी एका बाजूने येत नाही. सह्याद्रीवरून उतरणारी वाशिष्ठी नदी आहे. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीनंतर घाटाखाली याच नदीत येतं. गावातून वाहत येऊन वाशिष्ठीला मिळणारी शिवनदी आहे, छोटे पऱ्हे, म्हणजे ओढे आहेत आणि खाली दाभोळची खाडी. भरती चढत असली की नदीचं पाणी उतरायला जागाच राहत नाही. ते थोपतं, मागे फुगवटा येतो, आणि ज्या नाल्यांनी गावाचं पाणी नदीत जायचं त्याच नाल्यांतून नदी गावात शिरते. त्या २२ जुलैला आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते, पौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणाचे दिवस जवळ आलेले.

लहान पऱ्ह्याला आपण मोजत नाही, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. दहा चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र घ्या. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं पाच लाख घनमीटर. जमीन आधीच भिजलेली असेल आणि त्यातलं ७० टक्के त्याच तासाभरात वाहून आलं, तर सेकंदाला सुमारे ९७ घनमीटर, म्हणजे ९७ हजार लिटर. एवढं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून जाईल का? मोरीची रुंदी-उंची टेपने मोजून हा हिशेब नगरपरिषदेचा कनिष्ठ अभियंता एका दिवसात करू शकतो. नदीला चढायला काही तास लागतात. पऱ्ह्या तासाभरातही अंगावर येतो.

गाळाचं गणितही आपल्या अंदाजापेक्षा कडक आहे. रुंद पात्रात, उतार तोच असताना, खोली निम्मी झाली की वाहून नेण्याची क्षमता निम्मी होत नाही. ती एक तृतीयांशाच्याही किंचित खाली जाते. तळाशी घासून पाण्याचा वेगही मंदावतो म्हणून. पुरानंतर गाळ काढा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, त्या मागणीला हा आधार होता. अर्थात भरतीच्या टप्प्यात नुसतं खोलीकरण पुरत नाही, तिथे पाण्याची पातळी खाडी ठरवते.

आता पूररेषा, म्हणजे पूर कुठवर येईल हे नकाशावर दाखवणारी निळी आणि लाल रेषा. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे आत्ताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात, असं लोक धरून चालतात. खरा अर्थ असा, की दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, मागच्या वर्षी आला असला तरी. तीस वर्षांच्या गृहकर्जात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेवरच्या घराला हीच शक्यता ७० टक्के. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदींवर बेतलेल्या असतात. पाऊस बदलला, पात्रात भराव पडले, की रेषा नव्याने काढाव्या लागतात.

घर घेताना जोत्याची उंची लाल रेषेच्या वर किती, हे लेखी मागा. आणि पावसाळ्यात तुमच्या आळीतल्या मोरीवर रंगाने फूटपट्टी आखून घ्या. दर तासाला पाणी किती आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, एवढंच वहीत लिहायचं. चार पावसाळ्यांची अशी वही हाती आली, तर मोरीचं तोंड किती रुंद हवं हे अभियंत्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.