एका तिकिटात पृथ्वीप्रदक्षिणा: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी नियम, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

परळीला किंवा औंढ्याला शंकराच्या देवळात प्रदक्षिणा सोमसूत्रापर्यंत (अभिषेकाचे पाणी बाहेर जाणाऱ्या पन्हळीपर्यंत) जाते आणि तिथून उलटी फिरते. विमानाच्या पृथ्वीप्रदक्षिणेला ही मुभा नाही. पूर्वेकडे निघालात तर पूर्वेकडेच जात राहायचे, पॅसिफिक एकदा आणि अटलांटिक एकदा ओलांडायचा आणि ज्या देशातून निघालात तिथे परत यायचे. या तिकिटाला ‘राउंड द वर्ल्ड’ भाडे म्हणतात. बाकीचे बहुतेक नियम या एका अटीभोवतीच आहेत.

आधी एक हिशेब. लंडन, न्यूयॉर्क असे दोनच मुक्काम करून परत यायचे असेल तर हे तिकीट घेऊ नका, साधे जाण्या-येण्याचे तिकीट बहुधा स्वस्त पडते. पाच-सहा मुक्काम, त्यात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारखे लांबचे टोक आणि तारखा पुढे-मागे होण्याची शक्यता असेल, तेव्हा हे भाडे परवडते.

पात्रता

वय, नोकरी, उत्पन्न यांची कसलीही अट विमान कंपनी घालत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला साधारण दहा टक्के, बारा वर्षांखालच्या मुलाला साधारण ७५ टक्के भाडे लागते. ज्येष्ठ नागरिकांना वेगळी सूट नसते. पात्रतेचा खरा प्रश्न विमान कंपनीकडे येतच नाही, तो व्हिसाच्या खिडकीवर येतो. म्हणून नकाशावर रेघ ओढण्याआधी व्हिसाचे कॅलेंडर मांडायचे. बहुतेक जण उलटे करतात आणि मग तिकीट बदलत बसतात.

भाडे मोजण्याच्या दोन पद्धती

एक पद्धत मैलांची. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या भाड्यात २९ हजार, ३४ हजार आणि ३९ हजार मैल असे टप्पे चालत आले आहेत. एअर इंडिया २०१४ पासून या गटात आहे, शिवाय सिंगापूर एअरलाइन्स, एअर न्यूझीलंड, युनायटेड, लुफ्थान्सा वगैरे. यात सुरुवात आणि शेवट एकाच देशात असला की पुरते, शहर तेच असण्याची गरज नाही. नांदेड-लातूरकडच्यांना ही सवलत सोयीची: मुंबईहून निघा आणि हैदराबादला उतरा.

दुसरी पद्धत खंडांची. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाच्या ‘एक्सप्लोरर’ भाड्यात मैल मोजत नाहीत, किती खंडांना पाय लागला ते मोजतात: किमान तीन, कमाल सहा. ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, कॅथे पॅसिफिक, जपान एअरलाइन्स, क्वांटास, अमेरिकन एअरलाइन्स या गटातल्या. एका खंडात चार उड्डाणे, उत्तर अमेरिकेत मात्र सहा. ज्या खंडातून निघालात तिथे दोनच मुक्काम, त्यामुळे आपल्यासाठी अख्ख्या आशियात दोन. इकॉनॉमीचे तीन खंडांचे भाडे तिकिटावर ‘एलओएनई३’ अशा कोडने दिसते, बिझनेसचे ‘डीओएनई३’.

इथे मराठवाड्यातल्या माणसाचा पाय हमखास घसरतो. कुठेही जायचे तर दुबई किंवा दोहावरून, ही आपल्याला लागलेली सवय. पण भाडेनियमात आखाती देश युरोपाच्या गटात धरतात. पूर्वेकडे निघालेल्या तिकिटावर मुंबई-दोहा-टोकियो टाकले की तुम्ही पश्चिमेच्या विभागात जाऊन परत आशियात आलात असा अर्थ होतो आणि तिकीट नियमात बसत नाही. पूर्वेकडे जाताना हाँगकाँग, सिंगापूर, क्वालालंपूर यांपैकी एक दार धरा. दोहा परतीला ठेवा, लंडन-दोहा-मुंबई चालते.

सोळा कूपनांचा हिशेब

दोन्ही पद्धतींत उड्डाणांची कमाल संख्या १६. हा आकडा कागदी तिकिटांच्या काळातला: एका तिकिटाला चार कूपन (दर उड्डाणाची एक चिठ्ठी) आणि जास्तीत जास्त चार तिकिटे एकमेकांना जोडता येत. ई-तिकिटातही ती मर्यादा राहिली.

कूपन कशाकशाला जाते ते नीट पाहा. विमान बदलले की नवे कूपन, मग तुम्ही विमानतळाबाहेर पडा किंवा न पडा. २४ तासांपेक्षा जास्त थांबलात तर तो मुक्काम, कमी थांबलात तर नुसती बदली. कूपन दोन्हींना सारखेच. भूमार्गाचे टप्पेही मोजले जातात. लॉस एंजेलिसला उतरून गाडीने सॅन फ्रान्सिस्कोला गेलात आणि तिथून पुढचे विमान धरले, तर मधला रस्ता वनवर्ल्डमध्ये एक टप्पा खातो आणि स्टारमध्ये त्याचे मैल धरतात. रस्त्याने गेलो तर कोण मोजतो, असे म्हणून चालत नाही.

आता मैलांचे एक उदाहरण. मुंबई-सिंगापूर सुमारे २,४३० मैल, सिंगापूर-सिडनी ३,९१०, सिडनी-ऑकलंड १,३४०, ऑकलंड-सॅन फ्रान्सिस्को ६,५२०, तिथून न्यूयॉर्क परिसरातले न्यूअर्क २,५७०, न्यूअर्क-फ्रँकफर्ट ३,८६०, फ्रँकफर्ट-मुंबई ४,०९०. बेरीज सुमारे २४,७०० मैल, कूपन सात. २९ हजारांच्या टप्प्यात आरामात बसते आणि वर चार हजार मैल उरतात, युरोपातल्या एक-दोन शहरांना पुरतील एवढे. पण कोणी म्हणाले ब्राझीलही करू, तर न्यूअर्क-साओ पावलो-फ्रँकफर्ट या वळशाने साधारण सात हजार मैल वाढतात, बेरीज ३१ हजारांपुढे जाते आणि भाडे थेट ३४ हजारांच्या टप्प्याचे लागते. शिवाय ब्राझीलमुळे पिवळ्या तापाची लस येते, तिचे पुढे सांगतो.

व्हिसाचे कॅलेंडर

भारतीय पासपोर्टवर या प्रवासात चार-पाच व्हिसा लागतात आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते. जपानचा एकवेळचा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि राहणे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. अमेरिकेचा बी-१/बी-२ हा पर्यटन-व्यवसाय व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, पण मुलाखतीच्या तारखेसाठी थांबावे लागते.

यावरून दिशा ठरते. अल्पायुषी व्हिसाचा देश आधी आणि दीर्घायुषी व्हिसाचा नंतर. जपान सुरुवातीला असेल तर पूर्वेकडे निघा. पश्चिमेकडे निघून जपान चौथ्या महिन्यात ठेवलेत, तर घरून घेतलेला व्हिसा वाटेतच संपलेला असेल. वाटेत दुसऱ्या देशातून अर्ज करू, या भरवशावर राहू नका. बहुतेक वकिलाती अर्जदाराने आपल्या राहत्या देशातूनच अर्ज करावा असा आग्रह धरतात.

नुसत्या बदलीलाही व्हिसा लागतो, हे लक्षात न आल्यामुळे लोक मुंबईच्या काउंटरवरून परत फिरतात. अमेरिकेत विमान बदलायचे असले तरी पूर्ण इमिग्रेशन होते, म्हणून व्हिसा हवाच. कॅनडाचेही तसेच. ब्रिटनमध्ये भारतीयांना विमानतळाच्या आत बदलीसाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना त्यात सूट मिळू शकते, अटी तेवढ्या वाचून घ्या.

अर्जांचा क्रम असा लावावा: अमेरिका सर्वांत आधी, मुंबई किंवा हैदराबादच्या वाणिज्य दूतावासात. मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. शेंगेन आणि जपान शेवटी. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन यांच्या वेळी पासपोर्ट तुमच्या हातात नसतो, म्हणून दोन अर्ज एकाच वेळी चालत नाहीत. आठ-नऊ महिने हाताशी ठेवा.

कागदपत्रे

पासपोर्ट ६० पानांचा काढा. ३६ पानी १,५०० रुपयांना आणि ६० पानी २,००० रुपयांना मिळतो, पाचशे रुपयांत पानांची चिंता मिटते. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने मुदत उरलेली असावी. शेंगेनला पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पाने असलेला लागतो.

नावाबद्दल काटेकोर राहा. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव असे तिन्ही चालते. पासपोर्टवर ते ज्या रकान्यात ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने तिकिटावर यायला हवे. सहा कंपन्यांच्या उड्डाणांवर एकाच तिकिटातले नाव दुरुस्त करणे म्हणजे बहुतेक वेळा तिकीट नव्याने काढणे.

जन्मस्थळाचेही तसेच. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर व्हिसाच्या फॉर्मवर तेच लिहा, आधारवर आता छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असले तरी. फॉर्म पासपोर्टशी जुळला पाहिजे. जन्मदाखला नव्या नावाचा असेल तर दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत एवढे कव्हर लेटरमध्ये एका ओळीत सांगा.

उत्पन्नाचा पुरावा नोकरदाराला सोपा जातो: सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, रजेचे पत्र. शेतकऱ्याला मेहनत पडते. सातबारा, आठ-अ, साखर कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीच्या पट्ट्या, या सगळ्याचे इंग्रजी भाषांतर आणि सीएचे प्रमाणपत्र जोडा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्र भरलेले असेल तर अर्जाला वजन येते. आणि अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. उसाचे बिल जमा झाले असेल तर त्याची पावती सोबत लावा, नाहीतर ती उसनवारी वाटते.

शेंगेनला किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. अख्ख्या जगाचा एकच विमा घ्या, त्यात शेंगेनची अट बसते ना ते तपासा. ब्राझील, पेरू किंवा केनियासारखे देश मार्गात असतील तर पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर घ्या. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. ते नसताना अशा देशातून सहा दिवसांच्या आत भारतात आलात तर विलगीकरणात जावे लागू शकते.

बुकिंग कसे करायचे

गटांच्या संकेतस्थळांवर मार्ग आखण्याचे साधन असते. तिथे मार्ग बसतो का ते तपासा, पण पैसे भरण्याआधी पहिला आंतरखंडीय टप्पा ज्या कंपनीचा आहे तिच्याशी किंवा आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची मान्यता असलेल्या एजंटाशी बोला. तालुक्याच्या ठिकाणचा एजंट तीर्थयात्रेची, आखाताची तिकिटे रोज काढतो, पण हे भाडे हाताने मोजावे लागते. त्याने कधी काढले आहे का, हे संकोच न करता विचारा.

संकेतस्थळावर जागा दिसते आणि एजंट म्हणतो नाही, असे होते तेव्हा दोघेही खरे असतात. वनवर्ल्डची इकॉनॉमी ‘एल’ या ठराविक जागांच्या बुकिंग वर्गातच बुक होते. विमानात शंभर जागा मोकळ्या असल्या तरी ‘एल’ संपला असेल तर तुमच्यासाठी विमान भरले. एक-दोन दिवस पुढे-मागे बघायचे.

कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधीपर्यंतचीच उड्डाणे विकतात आणि तिकीट पहिल्या उड्डाणापासून वर्षभर चालते. शेवटच्या महिन्यांची तारीख अजून उघडली नसेल तर उपलब्ध असलेली कोणतीही तारीख टाका आणि नंतर बदला. तारखेचा बदल बहुधा फुकट किंवा थोडक्यात होतो. मार्ग बदलला तर तिकीट नव्याने काढण्याचे शुल्क, साधारण १२५ डॉलर, आणि करांतला फरक लागतो. म्हणून शहरे पक्की करा, तारखा सैल ठेवा.

पक्के भाडे सांगताना कर आणि इंधन अधिभार धरून आकडा मागा. लंडनहून लांब पल्ल्याला निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी लागते, २४ तासांच्या आतल्या बदलीला ती नसते. लंडनहून रेल्वेने पॅरिसला जाऊन तिथून उडालात तर हा कर वाचतो, पण भूमार्गाचा एक टप्पा जातो.

पैसे भरताना पॅन द्या. नुसते विमानाचे तिकीट ‘परदेशी टूर पॅकेज’ ठरत नाही. एजंटाने हॉटेल आणि तिकीट एकाच बिलात घातले तर ते पॅकेज होते आणि टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, लागतो. बिले वेगळी मागा.

मुंबईपर्यंतचा रस्ता

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडहून वेगळ्या कंपनीचे देशांतर्गत तिकीट काढले, तर त्या विमानाच्या उशिराशी पुढच्या कंपनीला देणेघेणे नसते. पहिले उड्डाण चुकले की तिकिटावरची पुढची सगळी उड्डाणे आपोआप रद्द होतात. एक कूपन वाचवायला जाल आणि पंधरा घालवाल. गटातल्या कंपनीचे जोडउड्डाण मिळत असेल तर ते तिकिटातच घ्या. नसेल तर आदल्या दिवशी देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबई गाठा आणि रात्र तिथेच काढा. मधला एखादा टप्पा सोडायचा असेल तरी आधी फोन करून तो काढून घ्या, न सांगता गैरहजर राहू नका.

पॅसिफिक ओलांडताना हॉटेलची तारीख दोनदा तपासा. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या दुपारी उतरते, म्हणजे निघण्याआधीच पोहोचते. उलट दिशेने एक तारीख गायब होते.

वाटेत एखादे उड्डाण कंपनीने रद्द केले तर त्या विमानतळावरचे काउंटर पुढचे विमान देऊ शकते, पण तिकीट नव्याने काढण्याचा अधिकार मूळ तिकीट काढणाऱ्या कंपनीकडे असतो. तिचा फोन नंबर, तिकीट क्रमांक, पीएनआर आणि भाडेनियमांची प्रत कागदावर छापून पासपोर्टसोबत ठेवा. उड्डाण बदलून मिळाले की पुढची सर्व कूपने ‘ओपन फॉर यूज’ (वापरायला खुली) दाखवतात का, ते तिथेच उभे राहून तपासून घ्या.