स्टेजखालचं भिंग

गेल्या महिन्यात एका पालकांनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. '2000 पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप', आणि किंमत अगदी आवाक्यातली. "सर, शाळेतला तर 400 पटच दाखवतो. मुलांसाठी हा घ्यायचा का?" मी फोटो मोठा करून स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पट्टीच्या, खाली काय आहे ते पाहिलं. एक बारीक दिवा होता, बाकी काही नव्हतं. कंडेन्सरच नव्हता. नको घेऊ, असं मी लगेच सांगितलं. त्याचं कारण मात्र उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

मायक्रोस्कोप म्हटलं की सगळं लक्ष वरच्या भिंगांकडे जातं. स्टेजच्या भोकाखाली दोन-तीन भिंगांची एक डबी असते, तिला एक डायफ्रॅम, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोक, आणि वर-खाली करायला एक चाक असतं. हा कंडेन्सर. प्रकाश गोळा करून स्लाइडवर टाकणं हे त्याचं काम, असं पुस्तकात एका ओळीत उरकतात. त्यामुळे तो फक्त उजेड वाढवण्यासाठी आहे, असा समज होतो.

भाट्याच्या खाडीत ओहोटीला चिखलावर तपकिरी साय धरलेली दिसते. ती बहुतांश डायाटमची असते, म्हणजे काचेच्या, सिलिकाच्या कवचात राहणाऱ्या एकपेशीय शैवालांची. आम्ही ती चमच्याने उचलून आणली, गोड्या पाण्याने तीन-चारदा धुऊन मीठ घालवलं, एक थेंब कव्हर स्लिपवर, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेवर, वाळवला आणि पातळ पत्र्यावर ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. जिवंत भाग जळून जातो, नुसतं कवच राहतं. त्यात प्ल्युरोसिग्मा सापडला. होडीसारखा लांबट, दोन्ही टोकं उलट दिशांना जराशी वळलेली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, होडी दिसते, पण कोरी आहे." कंडेन्सर पार खाली होता आणि डायफ्रॅम जवळजवळ मिटलेला. मी कंडेन्सर वर चढवला, डायफ्रॅम उघडला. वरच्या कशालाही हात लावला नाही. तिने परत डोळा लावला आणि ओरडलीच, "रेघा आल्या!" होडीभर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा.

त्या कुठून आल्या? या डायाटमच्या ज्या जातीवर पूर्वीपासून भिंगं पारखली जातात, तिच्या कवचावर सूक्ष्म छिद्रांच्या ओळी साधारण अर्ध्या मायक्रॉनवर असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या दाट ओळींवर प्रकाश पडला की त्यातला काही सरळ जातो आणि काही बाजूला वळतो. सीडी उन्हात धरल्यावर रंग दिसतात ते या वळण्यामुळेच. ओळी जितक्या दाट, तितका प्रकाश जास्त वळतो. ओळींची बातमी असते ती या वळलेल्या प्रकाशात. तो वस्तुभिंगात, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगात, शिरलाच नाही, तर बातमी वर पोचत नाही. मग डोळ्याजवळच्या नेत्रभिंगाने 2000 पट केलं तरी कोरी होडीच मोठी होते.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत त्यातच आहे. भिंग किती तिरका प्रकाश पकडतं याचं माप म्हणजे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर, हवेत त्या कोनाची साइन. 40 पटीच्या वस्तुभिंगावर बहुधा 0.65 लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 40 अंश. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी 0.55 मायक्रॉन, ओळींमधलं अंतर 0.5. भागाकार 1.1. याच मापात प्रकाश तेवढा वळणार. सरळ खालून आलेला किरण 1.1 ने वळला तर 0.65 च्या दारातून तो कसा शिरणार? पण कंडेन्सरने तोच किरण डावीकडून 0.65 इतका तिरका पाठवला, तर 1.1 ने उजवीकडे वळून तो 0.45 वर येतो. म्हणजे दाराच्या आत! सरळ गेलेला भागही दाराच्या कडेने आत येतो, दोघे वर भेटतात आणि रेघा उमटतात. डायफ्रॅम मिटवून हा तिरकेपणा 0.2 वर आणला, तर वळलेला किरण 0.9 वर जातो आणि बाहेरच राहतो. म्हणून उजेड जास्त वाटला तर दिवा मंद करावा, डायफ्रॅम मिटवू नये.

हे सारं जर्मनीत येना इथे कार्ल त्साइसच्या मायक्रोस्कोपच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये मांडलं. पुढे आउगुस्ट क्यॉलर यांना डॉक्टरेटसाठी सूक्ष्मफोटो काढायचे होते. त्यांचा विषय होता लिंपेट, म्हणजे आपल्याही कातळांना टोपीसारखे चिकटून बसलेले दिसतात तसे शंखवर्गीय प्राणी. अडचण अशी की कंडेन्सर नीट लावला की दिव्याची ज्योतच नमुन्यावर उमटायची. 1893 मध्ये त्यांनी दिव्यापुढे आणखी एक भिंग ठेवून ज्योतीची प्रतिमा नमुन्यावर नव्हे, तर कंडेन्सरच्या डायफ्रॅमवर पाडली. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश मग अख्ख्या नमुन्यावर पसरतो. चांगल्या मायक्रोस्कोपमध्ये आजही हीच रचना असते.

मिटलेल्या डायफ्रॅमचा आणखी एक धोका आहे. प्रत्येक धूलिकणाभोवती काळी कडा आणि वलयं उमटतात. घरोघरी येऊन तुमच्याच नळाच्या पाण्यात 'किडे' दाखवणारे आणि रक्ताच्या एका थेंबावरून सगळे रोग सांगणारे लोक असल्याच चित्रांवर धंदा करतात. पडद्यावर हलणारा ठिपका म्हणजे जंतू नव्हे. पाण्यातली निर्जीव धूळही थरथरते, तिला ब्राउनीय गती म्हणतात. अशा चित्राला भुलून पैसे देऊ नका.

शाळेत आरशाचा मायक्रोस्कोप असेल आणि कंडेन्सर असेल, तर आरशाची सपाट बाजू वापरा. अंतर्गोल बाजू कंडेन्सर नसलेल्यांसाठी असते. 10 पटीच्या वस्तुभिंगाने नमुना स्पष्ट करा आणि कंडेन्सर हळूहळू वर घ्या. एका जागी खिडकीबाहेरच्या माडाच्या झावळ्या नमुन्यावरच चिमुकल्या उमटतील. क्यॉलर यांची ज्योत ती हीच. तिथून केसभर खाली या, झावळ्या विरघळतील. मग 40 चं वस्तुभिंग लावा, नेत्रभिंग काढून नळीत डोकावा आणि आत दिसणारं वर्तुळ उजेडाने तीन चतुर्थांश भरेल इतका डायफ्रॅम उघडा ठेवा. खाडीचं पाणी कंडेन्सरच्या वरच्या काचेवर सांडलं तर सुकू देऊ नका. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने तेव्हाच टिपून घ्या, मीठ धरलं की घासताना काचेवर ओरखडे पडतात.